कुडाळमधली नातेवाईकांची मीटिंग : गोळ्यांच्या साईड इफेक्टबद्दल एवढं सरळ कोणी सांगत नाही

मानसिक आजारांच्या या क्लिनिकचं नाव लिहिणार नाहीये, आधीच सांगते. आमच्याकडे त्या जिन्यावर नुसतं दिसलात तरी तुम्ही घरी पोचायच्या आधी शेजारणीला कळलेलं असतं, मग वर विचारणार, "काय गो, थंय कोणाक घेऊन जातंस?" ज्याला खरंच पाहिजे तो कुडाळात दोन मेडिकलवाल्यांना विचारेल, लगेच कळेल. माझ्याकडून ५ पैकी ४. एक का कापला ते पुढे येईलच.

तर प्रकार असा आहे की महिन्यातून एका शनिवारी, ओपीडी उरकली की दुपारी, स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या घरच्यांना बसवून गोळ्या-इंजेक्शनं काय करतात, त्यांचे साईड इफेक्ट कुठले आणि त्यावर घरी काय करायचं एवढंच सांगतात. आजार म्हणजे काय, तो कशामुळे होतो, त्याची मीटिंग वेगळी असते. माणशी १०० रुपये, त्यात चहा आणि खारी. आदल्या दिवशी फोन करून नाव द्यायचं, नाही दिलं तरी बसवतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पत्रे, एकच पंखा आणि तो डॉक्टरांच्या बाजूला. मे महिन्यात जाणार असाल तर पाण्याची बाटली घेऊनच जा.

आम्ही जातो माझ्या धाकट्या भावासाठी. तो ओलान्झापिन नावाच्या गोळीवर आहे, आजार आता बऱ्यापैकी आटोक्यात आहे, आवाज ऐकू येणं जवळजवळ थांबलंय, पण शर्टाची बटणं लागत नाहीत आणि सकाळी दहाशिवाय डोळा उघडत नाही. आईचं म्हणणं गोळ्यांनी शरीर खाल्लं, वडलांचं म्हणणं आळस, आणि वाडीतल्या लोकांचं म्हणणं काय ते सोडूनच द्या. आमच्या भागात "रत्नागिरीला न्यायला लागणार" एवढं वाक्य उच्चारलं तरी लोक आवाज खाली करतात. तिथलं मनोरुग्णालय १८८६ सालचं, म्हणजे ही भीती पणजोबांपासून चालत आलेली आहे. त्यामुळे गोळी दिसली की लोकांना आधी ती भीती आठवते, आजार नंतर.

पहिला अर्धा तास डॉक्टर बोलतात. ते मूळचे घाटावरचे, पुस्तकी बोलतात, पण एक गोष्ट त्यांनी छान समजावली. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं, या बहुतेक गोळ्या त्याचं काम अडवतात, त्याने भास आणि संशय कमी होतात. पण घराचा मेन कॉक आवळला की फक्त गळणाऱ्या नळाचंच पाणी कमी होत नाही, मोरीतलं आणि स्वयंपाकघरातलं पण होतं. हातापायाची हालचाल, बायकांची पाळी, चेहऱ्यावरचे भाव, सगळीकडे डोपामिनचं काम असतं, म्हणून साईड इफेक्ट असे कुठल्याकुठे दिसतात. आई मला परत येताना म्हणाली, मग असं आधी कोणी का नाही सांगितलं. मला पण तोच प्रश्न आहे.

नंतर बोलतात सोशल वर्कर मॅडम, आणि खरी मीटिंग तिथून सुरू होते. त्या मालवणकडच्या, समोर बसलेली बाई मालवणीत बोलली की त्या पण मालवणीतच उत्तर देणार. त्या एक कागद वाटतात, त्यावर तीन रकाने, 'वहीत लिहा', 'फोन करा', 'गाडी काढा'. बस्स. माझ्या मते अख्ख्या मीटिंगचे पैसे त्या कागदात वसूल आहेत, कारण घरच्यांचा गोंधळ इथेच होतो. तोंडाला कोरड पडली म्हणून घाबरून गोळी बंद करतात, आणि खरोखर धावायला पाहिजे तेव्हा उद्या बघू म्हणून बसतात.

गाडी काढायच्या रकान्यात पहिलंच होतं जोराचा ताप, त्याबरोबर अंग एकदम कडक, घाम, आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा गुंगीत गेला. हे क्वचित होतं पण जिवावर बेततं, यात डोलो देऊन सकाळची वाट बघायची नाही, गाडी नसेल तर १०८ लावायचा, आणि हॉस्पिटलला गेल्यागेल्या पहिलं वाक्य म्हणजे पेशंट कुठल्या गोळ्या घेतो ते. मॅडम म्हणाल्या, लाज वाटून लोक हेच लपवतात, साधा ताप आहे म्हणून सांगतात, मग तिथला डॉक्टर मलेरिया शोधत बसतो.

दुसरं मान वाकडी होणं. नवीन गोळी किंवा हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन सुरू झालं की पहिल्या काही दिवसांत, जास्त करून तरण्या पोरांना, मान एका बाजूला वळून अडकते, डोळे वर जातात, जबडा किंवा जीभ आखडते. बघणाऱ्याला वाटतं अंगात आलं. एका काकांनी सांगितलं की त्यांच्या पुतण्याला असं झालं तेव्हा घरातले नारळ आणि अंगारा घेऊन उभे, आणि कोणीतरी शहाण्याने रिक्षा बोलावली. सरकारी दवाखान्यात फिनर्गनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात मान सरळ. मॅडम देवाधर्मावर अजिबात तोंडसुख घेत नाहीत हे मला फार आवडलं. "गाऱ्हाणा घाला, कौल लावा, माझा काय म्हणणा नाय, पण आधी इंजेक्शन घेवन येवा," एवढंच म्हणाल्या.

'फोन करा' हा रकाना सगळ्यात लांब आहे आणि त्यावर त्या सगळ्यात जास्त वेळ देतात, बरोबरच आहे. इथे मला सगळ्यात उपयोगी वाटली ती बेचैनीची गोष्ट, अकाथिसिया म्हणतात तिला. पेशंट बसू शकत नाही, उठतो, अंगणात फेऱ्या मारतो, पाय सारखे हलतात, आतून काहीतरी ढकलतंय म्हणतो, चिडतो. घरच्यांना वाटतं आजार उलटला. मग डॉक्टरला फोनवर सांगतात 'खूप आक्रमक झालाय', डोस वाढतो आणि बेचैनी आणखी वाढते. एक बाई मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "माझो झील रात्रभर खळ्यात फेरे मारी, आमका वाटला येडच वाढला." मॅडमनी त्यांना विचारलं तो चालताना काय म्हणायचा, तर म्हणे, "आये, माका बसूक जमना नाय." तर मुद्दा असा की डॉक्टरला 'वेडं वागतोय' न सांगता हेच वाक्य जसंच्या तसं सांगायचं, आणि हे गोळी कधी वाढवल्यानंतर सुरू झालं ती तारीख. मग डॉक्टर डोस कमी करतील, गोळी बदलतील किंवा प्रोप्रानोलॉलसारखं काहीतरी जोडतील. आणि हा प्रकार इतका असह्य असतो की त्यात माणूस जिवाचं बरंवाईट करून घेऊ शकतो, म्हणून पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्याच्या उलटं म्हणजे माणूस संथ होणं. चालताना हात हलत नाहीत, पावलं छोटी, हात थरथरतात, चेहरा कोरा. "माझो झील आता हसना पण नाय गो," असं ती मागची बाईच म्हणाली. यात गंमत, म्हणजे गंमत कसली, त्रासच, असा आहे की कोरा चेहरा आजारामुळे पण होतो, गोळीमुळे पण आणि नैराश्यामुळे पण. घरच्यांनी निदान करायचंच नाही, फक्त बघायचं की हात आखडलेत का, कप धरताना थरथर आहे का, आणि हे आधी होतं की गोळीनंतर आलं. यावर बऱ्याच जणांना ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, पॅसिटेन म्हणून मिळते ती. पण ती गोळीसुद्धा फुकट येत नाही, तोंड सुकतं, पोट साफ होत नाही, वयस्कर माणसाची आठवण गडबडते आणि घाम कमी येतो. घाम कमी म्हणजे आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कलमांवर आंबे काढायला किंवा काजूच्या बागेत पाठवलेलं माणूस भर उन्हात आतून तापत जातं आणि कोणाला कळत नाही. क्लोरप्रोमाझिन या गोळीवर असेल तर वर कातडीही उन्हात पटकन भाजते. हे आम्हाला कोणीच, कधीच सांगितलं नव्हतं. टोपी, पाणी, आणि अकरा ते चार बागेत नाही.

क्लोझापिनवाल्यांसाठी त्या अर्धा तास वेगळा काढतात. दोन वेगवेगळी औषधं नीट घेऊनही उपयोग झाला नाही की हे देतात आणि अशा पेशंटवर याच्याइतकं चालणारं दुसरं औषध नाही असं डॉक्टर म्हणाले. पण यात थोड्या लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये याच कारणाने माणसं दगावली, बऱ्याच ठिकाणी औषध मागे घेतलं गेलं आणि नंतर रक्ततपासणीची अट घालून परत आलं. म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त, मग हळूहळू अंतर वाढवतात. आता आमच्या जिल्ह्यातली अडचण बघा. पावसाळ्यात ताप आला की लेप्टो, डेंगी, मलेरिया, आणि दोडामार्गाकडे २०१६ पासून माकडतापही आहे. ताप म्हटला की प्रत्येकाच्या डोक्यात तेच येणार. तर क्लोझापिनवर असलेल्याला ताप किंवा घसा दुखला की बाकी काय शोधायचं ते शोधा पण त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी करा आणि डॉक्टरला फोन करा. हे मी फ्रीजवर लावून ठेवलंय, भाऊ क्लोझापिनवर नसूनसुद्धा, कारण चुलत्यांच्या घरात एकजण आहे.

क्लोझापिनचं अजून एक म्हणजे बद्धकोष्ठ. ऐकायला किरकोळ, लोक हसतात सुद्धा, पण यात आतडं अक्षरशः थांबू शकतं. पोट फुगलंय, दुखतंय, उलट्या होतायत, तर ते सरळ गाडी काढायच्या रकान्यात. आणि दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी चुकली तर आपल्या मनाने जुना डोस चालू करायचा नाही, फोन करायचा, परत छोट्या डोसपासून चढवायला लागतं. पावसात करूळ घाट बंद पडला आणि मेडिकलमध्ये माल आला नाही असं होतं आमच्याकडे, तेव्हा जून लागायच्या आधी पंधरा दिवसांचा साठा घरात ठेवा असा सल्ला त्यांनी दिला. उशी लाळेने ओली होते त्याबद्दल पण बोलल्या, पेशंटला त्याची फार लाज वाटते, उशीवर टॉवेल टाका आणि हसू नका, डॉक्टरला सांगितलं तर त्यावर उपाय असतात.

विडीचा विषय निघाला तेव्हा सगळे पुरुष सरसावून बसले. विडी-सिगरेटच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं. म्हणजे रोज बंडल ओढणारा माणूस ॲडमिट झाला आणि विडी एकदम बंद झाली की त्याच डोसला रक्तातलं औषध वाढतं, गुंगी वाढते. तेव्हा विडी सोडायची तर जरूर सोडा पण डॉक्टरला सांगून. एका आजीने विचारलं माझ्या मिश्रीचं काय, तिची सून पेशंट आणि दोघी मिश्री लावतात. तर हा परिणाम धुराचा आहे, मिश्रीने औषधाची पातळी बदलत नाही, पण मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो तेव्हा खूश होऊ नका, असं उत्तर मिळालं. आजी तरीही खूश दिसत होती. हुर्राक म्हणजे काजूची दारू, तिच्याबद्दल एवढंच सांगितलं की गोळीची गुंगी आणि दारूची गुंगी एकावर एक चढते, मग रहाटावर किंवा होडीवर काय होईल ते तुम्हीच बघा.

चक्कर येण्याचंही तसंच, सुरुवातीला किंवा डोस वाढवल्यावर अंथरुणातून एकदम उठलं की बीपी उतरतं, आधी काठावर बसायचं, मग उठायचं, आणि पहिले काही दिवस विहिरीवर पाणी ओढायला दुसऱ्याला पाठवायचं.

आता जिथे मार्क कापले ते. वजन आणि साखर. विषय महत्त्वाचा, ओलान्झापिन आणि क्लोझापिनने सगळ्यात जास्त वजन वाढतं, भूक अशी लागते की जेवून उठल्यावर परत पातेल्यात हात, हे आमच्या घरात रोज चालू आहे. सुरुवातीला वजन, कंबर, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल बघायचं, तीन महिन्यांनी परत, मग दरवर्षी, आणि वजन तर दर महिन्याला घरीच. इथपर्यंत उत्तम. पण मग जो डाएटचा कागद दिला तो कुठल्यातरी पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलचा उचललेला! ओट्स, ब्रोकोली, स्किम्ड मिल्क, दोन फुलके. अहो आमच्याकडे सकाळी पेज, दुपारी भात आणि माशाची आमटी, ब्रोकोली मी स्वतः कुडाळच्या बाजारात अजून पाहिलेली नाही. मॅडमनी तोंडी सांगितलं ते जास्त कामाचं होतं, भाताची मूद लहान करा आणि आमटीतले मासे वाढवा, तळलेली तुकडी रविवारी, कोल्ड्रिंकच्या जागी सोलकढी किंवा ताक, आंबा बंद नको पण जेवल्यावर एक, परातीतून नाही. भावाला रात्री भूक लागते तेव्हा उकडलेले चणे पुढे ठेवायचे हेही तिथेच कळलं. हेच कागदावर छापा ना.

बायकांच्या गोष्टींना वेळ फार कमी. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राईड या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, पाळी थांबते, कधी छातीतून दूध येतं, लग्न ठरायचं असलेल्या मुलीच्या घरात याने काय गहजब होतो ते सांगायला नको. डॉक्टरांनी ते दोन वाक्यांत उरकलं, समोर पुरुष बसलेले, कोणी बाई प्रश्न विचारणार नाहीच. चहाच्या वेळी मात्र मॅडमभोवती चार-पाच बायका गोळा झाल्या तेव्हा सगळे प्रश्न बाहेर आले, त्यात एकीच्या मुलीची पाळी चुकल्यावर घरात भलताच संशय घेतला गेलेला. यासाठी दहा मिनिटं बायकांना वेगळं बसवायला हवंच. पुरुषांचंही तेच, लैंगिक अडचणींमुळे कित्येक जण गुपचूप गोळी थुंकतात म्हणे, पण बापासमोर कोण बोलणार.

आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे पेशंटला आत बसू देत नाहीत. भाऊ एकदा बरोबर आलेला, तो खाली बाकावर मोबाईल बघत बसला आणि वर आम्ही त्याच्या पोटाचा घेर, त्याची झोप, त्याची लाळ सगळं बोलतोय. घरी जाताना तो म्हणाला, "गोळी मी खातंय आणि माहिती तुमका?" काय उत्तर देणार. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये तर साफ लिहिलंय की उपचाराचे माहीत असलेले साईड इफेक्ट पेशंटलाही सांगायचे. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या काही घरचे पेशंटसमोर मोकळं बोलत नाहीत. पटतं मला, पण मग दुसरा अर्धा भाग एकत्र ठेवा. आम्ही आता तो तीन रकान्यांचा कागद भावालाच दिलाय, वही पण तोच लिहितो. त्याने लिहिलेलं डॉक्टर जास्त लक्ष देऊन वाचतात असं माझं निरीक्षण आहे. सकाळच्या झोपेचं त्यानेच वेळेसकट लिहून नेलं, तर रात्रीची गोळी झोपताना न देता आठच्या जेवणाबरोबर द्यायला सांगितली, आता नऊला उठतो. वडील अजून आळसच म्हणतात.

शेवटी खालचा मेडिकलवाला येऊन दहा मिनिटं बोलतो, तो भाग छोटा पण झकास. पाकिटाचा रंग बदलला, कंपनी बदलली म्हणजे औषध बदललं असं नाही, पाकिटावर बारीक अक्षरात जे औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलंय ते जुळवून बघायचं. जेनेरिक घेतलं तरी तेच नाव बघायचं. लांब मुदतीचं इंजेक्शन, महिन्यातून एकदा वगैरे, याबद्दल एकाने विचारलं तर त्याने सरळ डॉक्टरांकडे बोट दाखवलं, आणि डॉक्टर म्हणाले रोजच्या गोळीची कटकट वाचते हे खरं, पण टोचल्यावर ते परत काढता येत नाही, म्हणून आधी त्याच औषधाची गोळी देऊन सोसतं का ते बघतात.

तोंडाचे चाळे, म्हणजे ओठ चघळणं, जीभ आतबाहेर, हे वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्यावर येऊ शकतं, आणि पेशंटला स्वतःला बहुतेक वेळा जाणवत नाही. लवकर सांगितलं तर फायदा, उशीर झाला तर ते राहूनही जातं. माझ्या मते हे एवढं उशिरा, सगळे एसटीच्या वेळेकडे बघत असताना सांगणं चुकीचं आहे, हे आधी घ्यायला पाहिजे.

मीटिंग नसलेल्या दिवसांसाठी त्यांनी टेली मानसचा १४४१६ नंबर कागदाच्या खालीच छापलाय, सरकारचा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. डोस बदलायला नाही, पण रात्री दोन वाजता हे फोनचं आहे की गाडीचं एवढं विचारायला आधार आहे.

जाणार असाल तर सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामी असली तरी चालतील, आणि रक्ताचे जुने रिपोर्ट. मालवणकडून येणाऱ्यांनी परतीची एसटी आधी विचारून ठेवा, मीटिंग साडेपाचला संपते म्हणतात पण सहा वाजतातच. पार्किंग नाही. आणि पुढच्या रांगेत बसा, मागे पत्र्यावरचा पाऊस सुरू झाला की डॉक्टरांचं काहीही ऐकू येत नाही.